सोनाबाईच्या उतारावरचं गिरमिट

अहो, थांबा जरा! मी गिरमिट बोलतोय. लाकडाला भोक पाडणारं नव्हे, मातीत शिरणारं. कमरेइतका उंच लोखंडी पाइप, एका बाजूनं चिरलेला, टोकाला चार दात आणि वर आडवी मूठ. मी जे पाहिलंय ते सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही!

माझा जन्म बिरवाडीचा. सुहास तिथल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. जेवणाच्या सुट्टीत त्यानं भंगारातला पाइप कापला, दात घासले, मूठ वेल्ड केली. "आयेला पायजे," एवढंच तो मिस्त्रीला म्हणाला.

त्याची आई सोनाबाई नाते गावची. तिच्या उताराच्या जमिनीत भात होत नव्हता, नाचणीही रडतखडत यायची. म्हणून तिनं ती नांगरून हत्तीगवत लावलं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुटत राहणारं. कापलेलं गवत दाबून त्याचे ठोकळे करतात आणि ते दगडी कोळशाऐवजी बॉयलरमध्ये जाळतात. पण जमीन सामाईक होती, आणि धाकटा दीर मोरू काही केल्या राजी होईना.

"वयनी, हे गवत माती खातंय. पाच वर्सांत नुसता कातळ उरल. त्यापरीस पोकलेन लावू, मुरूम काढून इकू."

सोनाबाई महाडला शाळेत शेती शिकवणाऱ्या चारुलताबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "वाद कशाला? माती तपासू. गवत हवेतला कर्ब, म्हणजे कार्बन, घेतं आणि मुळांवाटे जमिनीत उतरवतं. तो वाढला की मातीचा कस वाढतो. तो साठतोय की घटतोय, आकडाच सांगेल." त्यासाठी हवं होतं गिरमिट. म्हणजे मी!

पहिल्या वर्षी मी वीतभर शिरलो आणि खडीवर आपटलो. आत पिवळट, कोरडी माती. प्रयोगशाळेनं सांगितलं, कर्ब अर्धा टक्का. दुसऱ्या वर्षी त्याच जागी पुन्हा शिरलो. आकडा आला शून्य पूर्णांक सेहेचाळीस. घटला होता!

मोरूनं मांडीवर थाप मारली. "बोल्लो नव्हतो?"

सोनाबाईचा चेहरा उतरला. बाई मात्र शांत होत्या. "लावताना जमीन नांगरली, त्यानं मोकळा झालेला कर्ब वर्षभर उडत राहिला. आता नांगर नाही. मुळांना वेळ द्या."

सोनाबाई म्हणाली, "भावजी, आनखी दोन वर्सं थांबा. तेव्हाबी आकडा पडला, तर पोकलेन मीच बोलावीन."

बापरे! केवढा शब्द दिला तिनं! दोन वर्षं मी पडवीत टांगलेला होतो, आणि जाता-येता ती माझ्याकडं बघायची.

चौथं वर्ष उजाडलं. सुहासनं मला रोवलं, मूठ फिरवली, आणि मी सरसर खाली! वीत झाली, दीड वीत झाली. आत मुळांचं जाळंच जाळं. जुनी मुळं कुजून काळी झालेली, त्यांच्या वाटेनं नवी उतरलेली. वर आलो तेव्हा माझ्या पोटात काळपट, भुसभुशीत माती होती आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. सोनाबाईनं ती माती नाकाशी धरली. "सुहास, वास बघ रे! कसा मस्त हाय!"

पंधरा दिवसांनी बाई हातात कागद घेऊन धापा टाकत चढण चढल्या. "सोनाबाई, सदुसष्ट! शून्य पूर्णांक सदुसष्ट!"

सोनाबाईनं बाईंना मिठीच मारली. मोरू कागद उलटसुलट करत राहिला. मग वाकून त्यानं चिमूटभर माती बोटांत चोळली. "पोकलेनवाल्याला मीच सांगतो, येऊ नको म्हनून," तो हळूच म्हणाला. आणि लगेच, "वयनी, वहाळापल्याडच्या माझ्या तुकड्यात लावायला थोड्या कांड्या देशील?"

"देते की! पन भावजी, दुसऱ्या वर्साला आकडा पडला तर वरडायचं नाय हां!"

आज मी मोरूच्या खांद्यावर आहे. माझे दोन दात झिजलेत, गंजही चढलाय, पण पोलादपूरहूनसुद्धा मला बोलावणं आलंय! तुमच्याकडंही येईन. एकच मागणं आहे: जिथं मुळांनी कर्ब साठवलाय, तिथं पुन्हा नांगर घालू नका. वर्षानुवर्षांची साठवण बघता बघता हवेत उडून जाईल. चला, वहाळाचं पाणी ओलांडलं. मोरूनं मूठ धरलीय!