तेजस्वीच्या संसारातलं कपाट

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही. राग आलाय मला, आणि मी लोखंड आहे, तापलं की लवकर निवत नाही.

उचगावच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. पत्रा कापला, ठोकला, वेल्डिंगच्या ठिणग्यांत भाजला, मग केरबा मिस्त्रींनी मोरपंखी रंग मारला. दुकानात पलंग, ड्रेसिंग टेबल आणि मी असा आमचा 'संसार सेट' मांडला होता. लग्नसराईत आम्हाला फार भाव. एक दिवस दोघीजणी आल्या, जयसिंगपूरची आदिती आणि गारगोटीची तेजस्वी.

"लग्न कुणाचं हाय, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"आमचंच की!" आदिती म्हणाली. दुकानदार हसला. त्याला थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. आदितीच्या नावावर उचगावात दोन खोल्या होत्या, तिथं त्यांनी संसार मांडला. तेजस्वी शाळेत शिकवायची, आदिती औषधाच्या दुकानात बसायची. भांडल्या की माझं दार धाडकन आपटायच्या, आणि ताटं वाढेपर्यंत पुन्हा गोड व्हायच्या. शेजारच्या अंबूबाई माझ्या आरशात कुंकू नीट करत म्हणायच्या, "पोरींनो, तुमच्यापरीस आमच्या घरात जास्त कालवा असतोय."

मग दिल्लीत मोठ्या कोर्टात खटला उभा राहिला. बाईचं बाईशी, पुरुषाचं पुरुषाशी लग्न सरकारनं मानावं की नाही? टीव्हीवर लोक ओरडत होते, संस्कृती बुडेल, कुटुंब मोडेल. अरे, माझ्या आत डोकावा आणि दाखवा काय बुडालं ते!

तेजस्वी म्हणायची, "घराचं मृत्युपत्र करून ठेवूया की."

आदिती खवळायची. "बायकोला कशाला पाहिजे मृत्युपत्र? निकाल लागू दे. रीतसर लग्न करू, सगळं आपोआप तुझं."

निकाल लागला. कोर्ट म्हणालं, असा कायदा करणं आमचं काम नव्हे, संसदेचं. संसद गप्प. घरात त्या विषयाला पुन्हा कुणी हात लावेना, आणि मृत्युपत्र राहिलं ते राहिलंच. पुढच्या उन्हाळ्यात आदितीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ती गेली.

महिना उलटायच्या आत तिचा भाऊ जिनेश टेम्पो घेऊन दारात. दर दिवाळीला याच घरात करंज्या हाणणारा जिनेश!

"अक्काचं लग्न झालेलं न्हाई, आईवडील न्हाईत. कायद्यानं वारस मी. घर रिकामं करा, ताई."

अंबूबाई पदर खोचून पुढं आल्या. "आणि ही कोण मग? दवाखान्यात उशाला कोण बसलं हुतं? तू?"

"मावशी, मैत्रीण हाय ती. मैत्रिणीला वाटणी नसती."

तेजस्वीनं फक्त आपले कपडे मागितले. जिनेशनं माझं दार उघडलं. "घ्या की. तुमचं कुठलं, अक्काचं कुठलं, वेगळं करा."

ती बघत राहिली. माझ्या एकाही कप्प्याची वाटणी नव्हती. साड्या, कुर्ते, स्वेटर, जी आधी उठेल तिनं हाताला येईल ते घालायचं, असला कारभार.

"न्हाई करता येत," ती म्हणाली. "त्यालाच संसार म्हणत्यात, जिनेश."

त्यानं मान खाली घातली. लाज वाटली त्याला, मी बघितलं. तरी त्यानं दार लावलं, कुलूप घातलं आणि हमालांना हाक मारली. कारण कायदा त्याच्या पाठीशी उभा होता. चोरी असती तर पोलीस आले असते. हे सगळं रीतसर झालं, मित्रांनो! याचाच मला संताप येतो.

आता मी जयसिंगपुरात जिनेशच्या माडीवर आहे. मला रोज पुसतात. तेजस्वी कुठंतरी भाड्याच्या खोलीत आहे.

माझ्यासारखे म्हातारे सांगतात, वस्तू जपा, बिजागऱ्यांना तेल घाला. मी नाही सांगणार. माणसं जपा! उद्या तुम्ही मोठे व्हाल, मतं मागायला लोक तुमच्या दारात येतील. त्यांना पाणी द्यायच्या आधी विचारा, "तेजस्वी आदितीची कोण होती?"

'मैत्रीण' म्हणाले, तर दार लावून घ्या.