टिल्लूचं कौतुक

"तुमच्या मुलीतल्या चांगल्या गोष्टी सांगा," शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या आणि लिफ्टवाल्याला दरदरून घाम फुटला.

तो तयारीनिशी आला होता. महिन्याभरापूर्वी टिल्लू कवायत करताना मैदानात चक्कर येऊन पडली, तेव्हापासून शाळेचं नाव काढत नव्हती. ताटातले दोन घास चिवडून उठायची. तिच्या तक्रारी कोणी विचारल्या असत्या तर त्यानं घडाघडा म्हणून दाखवल्या असत्या. पण चांगल्या गोष्टी?

"अंगानं तशी बरी... नाही, आता वाळलीय," तो म्हणाला. "हुशार म्हणावं तर गणितात बोंब आहे. पण वाईट नाहीये हो ती, मॅडम!"

"रक्त तपासलंत ना? डॉक्टर काय म्हणाले?"

"रिपोर्ट अगदी चांगला आलाय. म्हणून तर इकडे पाठवलं."

"मग ऐका. बिघाडापासून सुरुवात करायची नाही. मुलात जे धड आहे ते आधी शोधायचं, त्याला सांगायचं, आणि त्याच्याच बळावर बाकीचं सावरायचं."

लिफ्टवाल्यानं मान डोलावली, पण डोक्यात काही शिरेल तर शपथ. उभा जन्म त्याचा लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकून बोंबलत असताना आतला आरसा किती स्वच्छ आहे म्हणत बसायचं की काय?

"एक गोष्ट मीच सांगते," बाई म्हणाल्या. "तिच्या वर्गात एक मुलगी अडखळत बोलते. बाकीची मुलं तिचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळी होतात. तुमची मुलगी थांबते. शेवटच्या शब्दापर्यंत थांबते. त्या मुलीनंच मला सांगितलं."

"बरं," तो म्हणाला. यात एवढं काय आहे ते त्याला कळेना. "आणि औषध वगैरे?"

"हेच. रोज एक चांगली गोष्ट तिला सांगायची. खरी हवी हं, ओढूनताणून नको."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, तर ती पोट धरून हसायला लागली.

"तुम्ही कौतुक करणार? अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, 'बरंय'च्या पुढं शब्द नाही आला माझ्या वाट्याला."

"बरंय म्हणजे चांगलंच की!"

"हो, पण ते कळायला माझी दहा वर्षं गेली."

तसं बघितलं तर ती दोघंही एकाच माळेचे मणी. माया होती, पोटभर होती. पण जे नीट चाललंय त्याबद्दल त्या घरात कोणी बोलायचं नाही. कुठं काही बिघडलं की मात्र सगळ्यांना वाचा फुटायची.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. टिल्लू आता आईच्या खांद्याला खांदा लावेल एवढी झाली होती, पण लहानपणचं नाव तसंच राहिलं होतं. लिफ्टवाल्यानं घसा खाकरला.

"टिल्लू, केस छान विंचरलेस आज."

केस विंचरलेलेच नव्हते. टिल्लूनं डोक्याला हात लावून पाहिला. त्यानं घाईघाईनं पुढचं काढलं.

"आणि त्या मैत्रिणीचं बोलणं ऐकून घेतेस म्हणे शेवटपर्यंत. मनानं फार चांगली आहेस तू."

टिल्लूच्या हातातला घास पुन्हा ताटात गेला. नवऱ्याची तारांबळ पाहून बायको मदतीला धावली.

"गुणाचीच आहे माझी पोर," ती म्हणाली आणि तिनं टिल्लूच्या पाठीवरून हात फिरवला.

टिल्लूचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझे किती दिवस राहिलेत?"

"कसले दिवस?"

"मला कळतंय, बाबा. आजोबांशी जन्मभर भांडलात. मग त्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि तुम्ही दोघं असंच गोड बोलायला लागलात. आठवड्यात गेले ते. माझं रक्त काढलं, रिपोर्ट आला, तर मला कोणी काही बोललंच नाही!"

"अगं, चांगला आला म्हणून नाही बोललो! त्यात सांगायचं काय?"

हे त्याच्या तोंडून निघालं आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिली. महिनाभर पोर हे मनात घेऊन बसली होती. लिफ्टवाला तिच्याजवळ सरकला.

"बाळा, तुला काही झालेलं नाही..."

"बघा, बाळा म्हणालात!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

आता आली का पंचाईत! तो जितका मऊ बोले तितकी ती जास्त रडे. रिपोर्ट आणायला उठला तर "नको, नको!" म्हणून किंचाळली. शेवटी त्याचं डोकं फिरलं.

"अक्कल काय गहाण टाकलीस? घोडीएवढी झालीस आणि तोंड उघडून विचारता येईना? उपाशीपोटी कवायत केलीस म्हणून पडलीस, डॉक्टर तेच म्हणाले! उद्या शाळेत गेली नाहीस तर गाठ माझ्याशी आहे!"

रडणं थांबलं. टिल्लूनं त्याचा चेहरा नीट निरखून पाहिला.

"खरंच?"

"खरंच म्हणजे? थट्टा करतोय का मी?"

तिनं नाक पुसलं, ताट पुढं ओढलं आणि खायला लागली. भराभरा, तोंडात मावेना एवढं. आईनं डोळ्यांना पदर लावून आणखी वाढलं.

"पण विचारायचंस तरी, गं," आई म्हणाली.

"विचारलं असतं तर तू रडली असतीस," टिल्लू तोंडातला घास न गिळताच म्हणाली.

लिफ्टवाला तिच्याकडे बघत राहिला. बाईंना उद्या काय सांगायचं? उपाय लागू पडला की फसला? काही उमजेना. एवढंच कळत होतं, की पोरीला सांगण्यासारखी एक गोष्ट आत्ता, ह्या क्षणी त्याच्या ओठांवर आली होती, आणि ती अगदी खरी होती. पण बोलायची सोय राहिली नव्हती. बोलला असता तर पोरीनं पुन्हा ताट सरकवलं असतं.

त्याला असं बघत राहिलेलं पाहून टिल्लूचा घास हातातच थांबला.

"बाबा, अजून थोडं रागवा ना."



"गळ्याचं बटण लाव आधी," तो म्हणाला. "कशी राहतेस!"

बटण लावलेलंच होतं. तिनं ते काढलं आणि पुन्हा लावलं.