रात्रीचं पाणी

वृषालीचं मॉडेल काही केल्या जुळत नव्हतं. नारायणगावच्या भूजल प्रशिक्षणात प्रत्येकानं आपल्या गावची एक विहीर संगणकात उभी करायची होती. पाऊस किती, खडक कसा, झरे किती, उपसा किती, हे भरलं की संगणक पाण्याची पातळी काढून देई; ती विहिरीत टेप सोडून मोजलेल्या पातळीशी ताडायची. वृषालीनं पिंपरी पेंढारची घरचीच विहीर घेतली. त्या विहिरीत तिचे वडील हौशीराम आणि विधवा चुलती प्रयागबाई यांचा निम्मा-निम्मा वाटा, एक दिवसाआड पाण्याची पाळी.

प्रयागबाईच्या पाळीला सकाळी मोटर लावली की घटकाभरात ती हवा ओढायला लागे. हौशीरामांच्या पाळीला मात्र पाणी पुरायचं. 'विहिरीलाही माणूस कळतो,' असं भावकीतली जिभेला हाड नसलेली मंडळी म्हणत. बाईचा कांदा डोळ्यांदेखत वाळला, आणि आता ती पाळी सोडून बोरी बुद्रुकला भावाकडं राहायला निघाली होती. या मोठ्या आईनंच वृषालीला अंगाखांद्यावर वाढवलेलं. पाणी कुठं जातंय ते सापडलं तर तिला थांबवता येईल, एवढ्याचसाठी पोरगी संगणकाला चिकटून बसली होती.

तिनं खडक बदलून पाहिला, झरे कमी केले. संगणकातलं पाणी खऱ्या पाण्याच्या वरच राही.

"खडकाला किती दोष देशील?" शिकवणारे रामनाथ सर म्हणाले. "उपसा कुणी सांगितला?"

"आप्पांनी."

"तो बदलून बघ."

बापावर संशय घेणं तिला नको वाटत होतं. तरी तिनं संगणकात मोठ्या आईच्या पाळीच्या रात्रीही आप्पांची मोटर चालवून पाहिली. संगणकातली आणि मोजलेली, दोन्ही पातळ्यांच्या रेषा एकमेकींवर जाऊन बसल्या. तिला रडूच कोसळलं.

शेतीची लाईट रात्रीची, आणि बिबट्याच्या भीतीनं रात्री रानात जाणार कोण? म्हणून हौशीरामांनी स्टार्टरला ऑटो बसवला होता. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. प्रयागबाईकडं ऑटो नव्हता. ती उजाडायची वाट बघे आणि लाईट जायच्या आत मिळेल ते पाणी घेई.

घरी येताच वृषालीनं विचारलं, "आप्पा, मोठ्या आईच्या पाळीला ऑटो बंद करता ना?"

हौशीराम भाकरी मोडता मोडता थांबले. "ती रातचं येत न्हाई. पाणी पडूनच ऱ्हातंय. पडलेलं घेतलं तर चोरी व्हती व्हय?"

"पडून राहत नाही, आप्पा, कॉम्प्युटरात दिसलं मला. ते तिच्या सकाळचं असतं."

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "त्या कॉम्प्युटरात माझं नाव हाय?"

"नाही. नुसती मोटर आहे."

त्यांनी ताट बाजूला सारलं.

प्रयागबाईच्या पुढच्या पाळीला ऑटो बंद होता. भावाकडं निघालेल्या तिनं बांधावर कपड्यांची पिशवी ठेवली आणि जाता जाता उरल्यासुरल्या मेथीला पाणी द्यावं म्हणून मोटर लावली. पाणी थांबेचना. बाप-लेक तिथं पोचले, तेव्हा ती विहिरीला हात जोडून उभी होती.

"पावला बघा भावजी! खंडोबाला साकडं घातलं व्हतं मी."

हौशीराम गप्प राहिले असते, तर झाकली मूठ झाकलीच राहिली असती. वृषाली खाली मान घालून उभी होती.

"देव न्हाई पावला, वैनी," ते म्हणाले. "तुमच्या पाळीला रातचा ऑटो मी चालू ठेवीत व्हतो."

प्रयागबाई पाटाच्या पाण्याकडं वळली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "ह्ये गेले, आन् पाण्यानंबी मला सोडलं."

मग पिशवी तशीच ठेवून ती पुढच्या वाफ्याचं दार धरून पाणी वळवायला वाकली. तिच्या हातातलं खोरं मागून घ्यायचंही हौशीरामांना धाडस झालं नाही.