आखाजीच्या घागरींचं रगत

रनाळ्याच्या कुंभारआळीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध हळद्याबाबा मांडी ठोकून बसला होता आणि त्याच्यासमोर फुटक्या घागरींची रास होती. बाबाने एक घागर उचलली, तिच्यावर हळदीचं पाणी ओतलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. बघता बघता घागरीच्या अंगावर लाल ठिपके उमटले. बायकांनी तोंडाला पदर लावले.

“हाई रगत शे,” बाबा म्हणाला. “या घरमा डाकीण शे. तिनीच तुम्हना पितरसनं पानी सांडं.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. चौतीस सालच्या आखाजीला उखा कुंभाराकडून नेलेल्या घागरींचे आपोआप टवके उडाले आणि त्या गळू लागल्या. पितर तहानलेले गेले म्हणून गाव खवळलं. उखाची बायको जसोदा नेमकी त्याच फाल्गुनात नांदायला आलेली. त्यामुळे बाबाला डाकीण शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

न्यायही त्यानेच सांगितला. जसोदाने उकळत्या तेलातून लोखंडी कडं काढायचं. हात भाजला तर ती डाकीण. हात न भाजणारं तेल अजून कुठल्या घाण्यातून निघालेलं नाही, पण हे बाबाला विचारणार कोण?

मी लोकल बोर्डाच्या शाळेचा मास्तर. मी पोचलो तेव्हा कढई चुलीवर चढली होती आणि चुलीत लाकडं सारत होता खुद्द उखा. सासू गजराबाईने सुनेचं मनगट धरलं होतं. जसोदा रडत नव्हती, नुसती कढईकडे बघत होती. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. मी उखाच्या विनवण्या केल्या, त्याचे पाय धरले. तो मान वर करीना. त्याची मडकी कोणी घेत नव्हतं आणि घरात दाणा उरला नव्हता.

काय करावं सुचेना म्हणून मी खाली पडलेला एक टवका उचलला. त्याच्या आतल्या बाजूला डाळीएवढा पांढरा ठिपका होता. दुसरा उचलला, त्यालाही तसाच. नखाने खरवडून जिभेला लावला तर जीभ चरचरली.

मी बाबासमोर बसलो आणि चिमूटभर तंबाखू मागितली, चुन्यासकट. बाबाने खुशीत कमरेची डबी दिली. मी डबीतला चुना बोटावर घेतला आणि त्याच्यावर हळदीचं पाणी सोडलं. बोट लालभडक झालं.

“बाबा,” मी विचारलं, “तुमच्या डबीत कोणती डाकीण बसली आहे?”

हळदीला चुना लागला की लाल होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. घागरीत चुना असेल, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

“पन मडकामा चुना कोनी टाका?” गजराबाईने विचारलं.

उत्तर जसोदाने दिलं. “नवी खाननी मातीमा पांढरा खडा शेतस. चिखल तुडवताना मन्हा पायले टोचतस. मी रोज सांगं, कोनी आयकं नही.”

पुराने नदीकाठची जुनी खाण बुजवली होती, म्हणून उखा यंदा धानोऱ्याच्या वाटेवरून माती आणत होता. ते खडे चुनखडीचे. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरचा टवका उडवतो. बाबा म्हणाला, चुनाही तिनेच घातला. पण तोवर उखाने कढई उतरवली होती. गजराबाईने मनगट सोडलं, तिथे बोटांचे वळ उठले होते. सुनेची माफी कुणीच मागितली नाही.

पुढची माती जसोदाने वाळवून कुटली, चाळली, पाण्यात कालवून फडक्यातून गाळली. आव्यातून निघालेली मडकी निवताच पाण्यात बुडवून ठेवली, म्हणजे उरलासुरला चुना फुगण्याआधीच विरून मऊ पडेल. त्यातलं एकही फुटलं नाही.

तिचा हात त्या तेलापासून दोन वीत लांब होता. बाबाला तंबाखूचं व्यसन नसतं तर मी काय केलं असतं, मला अजून ठाऊक नाही. म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की त्याच्यापुढे वाकू नका. तो उचला, खरवडा, उजेडात धरून बघा. आणि ज्याच्यावर आळ आला आहे त्याला, तेल तापवण्याआधी, एवढंच विचारा की तुला काय दिसलं? जसोदाला ते कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.