उलकानची कंबर

उलकानने 'दुखणं दहापैकी किती?' या चौकटीत सात लिहिला, आकडा ठळक दिसावा म्हणून पुन्हा एकदा गिरवला आणि कागद वर्ग घेणाऱ्या मीरिमच्या हाती दिला.

आठ आठवड्यांचा वर्ग आज संपत होता. नारीन गावातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दहा म्हाताऱ्या लोकरीच्या जाड नमद्यांवर आडव्या होत, डोळे मिटत आणि मीरिम सांगेल तसं मन पायांपासून हळूहळू वर नेत. दुखेल तिथे थांबायचं, दुखण्याशी भांडायचं नाही, श्वास येऊ-जाऊ द्यायचा. पहिल्या दिवशी तर ताजीगुल चक्क घोरायला लागली होती.

मीरिमने पहिल्या दिवशीचा कागद काढून शेजारी ठेवला. तिचा चेहरा उतरला.

"आजी, तेव्हा तुम्ही दुखणं दोनच लिहिलं होतं. आता सात? वाढलं का हो?"

"वाढलं कुठलं! तेव्हा खोटं लिहिलं होतं."

"खोटं?"

"ही ताजीगुल डोकावत होती ना. तिच्यादेखत मी सात लिहू?"

"मी कशाला डोकावू?" ताजीगुल भिंतीकडून ओरडली. "सगळं गाव म्हणतं, उलकानची कंबर लोखंडाची!"

"गंजलीय ती. वीस वर्षं झाली." उलकान मीरिमकडे वळली. "लिही पोरी, सात. आणि खाली हेही लिही, की पूर्वी मी दात आवळून दिवस ढकलायची. आता दुखतं, पण दिवस माझा असतो."

मीरिमने शब्दन् शब्द लिहून घेतला. ताजीगुलने आपला कागद परत मागितला आणि त्यावरचा तीन खोडला.

उलकान घरी आली तेव्हा अंगणात सून गुलबारा नमद्यासाठी ओली लोकर चटईत गुंडाळून एकटीच रेटत होती. उलकान नेहमीसारखी बाह्या सारून खाली वाकली नाही. उभ्यानेच म्हणाली,

"कंबर दुखतेय माझी. एक उशी आण, टेकून बसते. जमेल तेवढं हातांनी करीन."

गुलबारा बघतच राहिली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण सासूच्या तोंडून असं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने उशी आणली, पण देईना. छातीशी धरून उभी राहिली.

"आपा," ती सासूला म्हणाली, "माझाही खांदा दुखतो. दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

उलकानने सुनेच्या हातून उशी घेतली, चटईच्या कडेला ठेवली आणि तिच्यावर थोपटलं.

"पड इथे. लोकर थांबेल थोडा वेळ."

गुलबारा संकोचत आडवी झाली. उलकान तिच्या उशाशी बसली. आजवर तिने या अंगणात कितीतरी जणींना नमदा करायला शिकवलं होतं. आज त्याच रुबाबात तिने झग्याला हात पुसले.

"हं. डोळे मीट. आता सांग, नेमकं कुठे दुखतं?"