रखमाची सही

"अंगठा की सही?" दस्तलेखक दत्तोपंतांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सई!" रखमा एवढ्या जोरात म्हणाली, की शेजारच्या टेबलावरचा माणूसही हसला.

"वैनी शिकलेली हाय आता, पंत," हैबती म्हणाला. "उद्या माज्यावर साहेब होईल."

"झाले तर पयली तुमचीच बदली करीन, भावजी."

दत्तोपंतांनी शाईचं पॅड बाजूला सारलं. "बरं झालं. अंगठा असला की सगळं वाचून दाखवावं लागतं. अर्धा तास जातो."

नवरा जाऊन वर्ष झालं होतं. वरंधच्या वर, डोंगराच्या कुशीतलं नाचणीचं रान सातबाऱ्यावर आपल्या नावानं लागावं, एवढ्यासाठी ती धाकट्या दिरासोबत महाडला आली होती. मूलबाळ नव्हतं. होतं ते रान. अंगणवाडीतल्या साक्षरता वर्गात चार महिने तिनं तीनच अक्षरं गिरवली होती, आणि नाचणी लावता लावता तिला ओवी सुचली होती:

काळ्या गो पाटीवर चांदणं उतरलं
रखमा माजं नाव माजं मला गवसलं

ते चांदणं तिनं पानोपानी उतरवलं. जीभ दातांत धरून, सावकाश. आत नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी "मान्य?" एवढंच विचारलं. हैबतीनं मान हलवली, मग तिनंही.

निघताना ती अडून बसली. "माज्या सईची झेरॉक्स द्या. बाईंना दाखवायचीय." हैबती नको नको म्हणत होता, दत्तोपंतांनी हसत काढून दिली.

"बगा बाई, वळण जमलंय?"

वर्ग घेणारी शुभदा कागद शेवटपर्यंत वाचत गेली. मग हळूच म्हणाली, "काकू, सही करण्याआधी हे वाचलं नाहीत?"

"वाचायला कुटं शिकवलंत?"

महिनाअखेर सगळ्यांना सही आली पाहिजे, असं वरून आलं होतं. वाचन नंतर कधीतरी होणार होतं.

"यात लिहिलंय, तुम्ही राजीखुशीनं हक्क सोडलात. रान दिरांचं झालं."

"आनि माजं नाव?"

"आहे. हक्क सोडणारी म्हणून."

रखमानं कागदावरून बोट फिरवलं. जिथं जिथं आपलं नाव दिसलं तिथं थांबलं. मधल्या ओळी तिला मुक्याच होत्या.

"आपण तक्रार करू काकू. फसवलं म्हणू."

"कोन ऐकंल? सई येते म्हनून मीच वरडले ना."

दिवाळीच्या आत नाचणी पिकली. विळा घेऊन रखमा वर गेली, तर बांधावर सिमेंटचे खांब रोवले जात होते. हैबतीनं रान विकलंही होतं.

खांबांशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसानं हटकलं. "कोण पाहिजे, मावशी?"

तिनं रानाकडे पाहिलं. कणसं वाऱ्यावर डुलत होती, तिच्याच हातानं लावलेली.

"कापनीला आलेय," ती म्हणाली, पदर खोचला आणि वाकली.