रिकाम्या वाटीचं वजन

आमच्या प्रयोगशाळेतला एक वजनकाटा भट्टीवर बसवलेला आहे. भट्टीच्या आत तारेला टांगलेली नखाएवढी वाटी, वाटीत चिमूटभर पावडर, भोवती हवा. भट्टी तापत जाते. पावडरीनं हवेतला ऑक्सिजन खाल्ला की वजन वाढतं आणि पडद्यावरची रेघ वर चढते. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. माहितीपुस्तक वाचून शिकलो, तेही कंटाळवाणी पानं सोडून. त्यामुळे माझा माज पदवीवाल्यांच्या दुप्पट.

त्या दिवशीची पावडर वहिनीची होती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वरच्या मजल्यावर ती धुरातले विषारी वायू मोडणारे उत्प्रेरक बनवते. ही पावडर तापली तरी गंजत नाही, असा तिचा दावा होता. दावा पडला तर साहेब संध्याकाळी तिचं काम बंद करणार होते.

रेघ चढली. निकाल पाठवून गप्प बसायचं की नाही? पण मी जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पावडर गंजते, आणि घरचं माणूस म्हणून पास करणाऱ्यातला मी नाही. वर वहिनीच्याच डब्यातली भाजी उचलली.

ती भांडली नाही. डबा माझ्याकडे सरकवून तिनं विचारलं, "भावोजी, रिकामी वाटी तापवून बघितलीत कधी?"

रिकाम्या वाटीत गंजायला काय असतं, उगाच वीज जाळायची, असं मी ऐकवलं. बघू तर खरं, म्हणाली.

मी वाटी टांगली, भट्टी लावली. ती शेजारी स्टूल ओढून बसली. रेघ चढली. तेवढीच.

मग तिनं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की हवा तापली की विरळ होते, वाटीला तिचा मिळणारा आधार कमी होतो, काट्याला वाटतं वाटी जड झाली. रिकाम्या वाटीचा आकडा वजा करायचा असतो. केला. पावडरीच्या नावावर काहीच उरलं नाही.

साहेबांकडे मी आपणहून गेलो. वहिनीशेजारी बसून राहण्यापेक्षा तोंडघशी पडणं सोपं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तिचं काम चालू राहील म्हणाले. मी सुटलो म्हणून उठलो.

"आणि आजवर तुम्ही ज्या पावडरी नापास केल्यात, त्या?"

त्यातली एक त्यांनी स्वतः बनवली होती. मी ती नापास केल्यावरच त्यांनी प्रयोग सोडून ही खुर्ची धरली होती.

मी परत खाली बसलो.